हक्कसोडाची दुपार

“इथं, इथं आणि मागच्या पानावर.” म्हेत्रे भाऊसाहेबांनी कागदावर पेन्सिलीनं तीन फुल्या मारल्या आणि पेन माझ्या हातात दिलं. “वाचायचं काय नाही ताई, नेहमीचाच मजकूर आहे.”

आता मला कुणी ‘वाचायचं काय नाही’ म्हटलं की माझा हात आधी चष्म्याकडे जातो. एकवीस वर्षं मिरजेला नर्सची नोकरी केलेली बाई मी. बाटलीवरचं लेबल वाचल्याशिवाय साधं खोकल्याचं औषधसुद्धा कुणाच्या तोंडात घातलेलं नाही. मी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

“आक्का, टोकन लागलंय आपलं,” भानू म्हणाला. भानू म्हणजे माझा धाकटा भाऊ, भानुदास. “वाचत काय बसतीस? तुझ्यासमोरच ठरलंय की सगळं.”

“ठरलंय तेच लिहिलंय का बघते. दोन मिनिटं दम धर.”

विट्याला दुय्यम निबंधकाच्या कचेरीसमोर म्हेत्र्यांचं ते दुकान होतं. दस्त लिहायचे, टाइप करायचे, टोकन काढायचं, साक्षीदारसुद्धा तेच पुरवायचे. त्या दिवशी तिथं मुंगीला शिरायला जागा नव्हती. त्याला कारण होतं. आमच्या तालुक्यात घरटी एक तरी पोरगा गलाईच्या धंद्यात. सोनं-चांदी गाळायची, शुद्ध करायची, आणि तीही इथं नाही, पार सेलमला, त्रिचूरला, कलकत्त्याला. हे सगळे वर्षातून एकदाच, चैत्रात गावच्या जत्रेला घरी येतात. मग लग्नं ठरवणं, वाटण्या, खरेदीखतं, सगळं त्याच आठवड्यात उरकायचं. देवाला नैवेद्य झाला की दुसऱ्या दिवशी सगळा गाव म्हेत्र्यांच्या दारात. भानूची सेलमची परतीची तिकिटं गुरुवारची होती, आणि आज मंगळवार.

आण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, जाऊन वर्ष झालं होतं. मागं साडेचार एकर रान आणि रस्त्याकडेचं चार खोल्यांचं घर. वारस तिघं: आई, मी आणि भानू. आमच्याकडे बहिणींनी आपला हिस्सा भावाच्या नावे सोडायचा, त्याला हक्कसोड म्हणतात. भावानं साडी-चोळी करायची आणि बहिणीचं माहेर चालू राहायचं. ह्यात कुणाला काही वावगं वाटत नाही, मलाही वाटत नव्हतं. आमचे हे तर निघताना म्हणाले होते, “कमल, एका शब्दानं बोलू नकोस. सही करून ये. माहेर राहिलं म्हणजे सगळं राहिलं.” मी रजा टाकून आले होते ती सही करायलाच.

पण पहिल्याच ओळीला मी अडखळले. ‘लिहून देणार’ असं वर छापलेलं, आणि त्याखाली एक नंबरला आईचं नाव. माझं दोन नंबरला.

“भाऊसाहेब, आईचं नाव इथं कशाला?”

“वारस आहेत ना त्या.”

“वारस आहे म्हणून तर तिचा हिस्सा आहे. तो कशाला सोडायचा?”

म्हेत्र्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी काहीतरी पोरकट बोलले. “अहो ताई, सगळे वारस आपण एकाच कागदात घेतो. एक दस्त, एक टोकन, एक फी. आई काय परकी आहे? मुलाला देताना तिचं नाव वेगळं ठेवून काय करायचंय? ह्या आठवड्यात असे पंचवीस दस्त झालेत माझ्या हातनं. प्रत्येकात आई आहे.”

“आणि मग आईचं काय राहतं?”

“म्हणजे?”

“घर भानूचं, रान भानूचं. मग आई कोण? पाहुणी?”

हे मी जरा मोठ्यानंच बोलले असणार, कारण शेजारच्या बाकावरची दोन माणसं गप्प होऊन ऐकायला लागली. भानूचा चेहरा उतरला आणि लगेच तापला.

“आक्का, काय म्हणायचंय तुला? मी आईला घराबाहेर काढणार हाय?”

“मी असं म्हणाले का?”

“मग ह्याचा दुसरा अर्थ काय?” त्यानं पायाशी ठेवलेली पिशवी उचलून माझ्या मांडीवर ठेवली. आत सेलमची रेशमी साडी होती, हक्कसोडाची. “हिस्सा पायजे आसंल तर सरळ सांग. आईचं नाव पुढं करू नको.”

झालं. ज्याची भीती होती तेच वाक्य. आमच्याकडे बहिणीनं कागदावर बोट ठेवलं की तिला हिस्सा पाहिजे, दुसरं कारणच असू शकत नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि रागही आला, दोन्ही एकदमच.

“घे माझा हिस्सा!” मी म्हणाले. “आत्ता घे. माझं एक ढेकूळसुद्धा नको मला. पण घरावरनं, रानावरनं आईचं नाव काढायचं नाही.”

आई बाकाच्या टोकाला बसली होती. चौऱ्याहत्तर वर्षांची, गुडघे गेलेले, साखरेचा त्रास, रोज पोटावर इन्सुलिनची सुई. मागच्या पौषात परसातल्या संडासाला जाताना पडली होती, तेव्हा मी पंधरा दिवस येऊन राहिले होते. इतका वेळ ती पदराच्या टोकाची गुंडाळी करत खाली बघत होती. आता मान वर न करताच म्हणाली, “कमळे, कर सही. चार लोकांत शोभा नको.”

“आये, पण तुला कळतंय का ह्यात काय लिहिलंय?”

“लेकाचंच हाय ते सगळं. आज काय आन उद्या काय. कर.”

आता सांगा, जिच्यासाठी भांडायचं तीच असं म्हणाली तर पुढं काय बोलायचं? माझ्यापुढं आमच्या वॉर्डातले खिडकीजवळचे दोन पलंग आले. बरी झालेली, घरी जायला मोकळी, पण न्यायला कुणी न आलेली म्हातारी माणसं आम्ही तिथं ठेवायचो. त्यांची मुलं काही राक्षस नव्हती. कुणाची बदली झालेली, कुणाचं घर लहान, कुणाची बायको आजारी. फक्त त्या माणसांना ‘मला माझ्या घरी न्या’ असं म्हणायला घर उरलेलं नव्हतं. हे सगळं मी त्या दुकानात, त्या गर्दीत कसं सांगणार होते? सांगितलं असतं तर भानूला ते आणखीच लागलं असतं.

खरं सांगते, मी हरले. पेन उचललं आणि पहिल्या फुलीवर ‘सौ. क’ एवढं लिहिलंसुद्धा.

“आक्का, थांबा.”

माझी भावजय वैजयंता. ती दारात उभी होती, बसायला जागाच नव्हती म्हणून. वीस वर्षांच्या संसारात चार माणसांत नवऱ्यापुढं तोंड उघडलेलं मी तिला पाहिलं नव्हतं. उलट मनातल्या मनात मी तिलाच दोष देत होते, की हिच्याच डोक्यातनं निघालंय हे सगळं.

“आत्यांचं नाव राहू द्या घरावर,” ती म्हणाली. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात.

भानू वळून बघतच राहिला. “तू गप बस गं.”

“गप्पच बसते की कायम. आज बोलू द्या.” ती एक पाऊल आत आली. “माझ्या आईनं केलीय अशी सही. चार वर्षं झाली. माझे भाऊ चांगले हायत, कुणाची बिशाद नाही त्यांना वाईट म्हणायची. पण आई आमच्याकडं सेलमला महिनाभर राहिली ना, की परत निघताना फोन करती. आणि माझ्या भावाला काय विचारती म्हायत्याय? ‘येऊ का?’ म्हणती. स्वतःच्या घरी जायला, ‘येऊ का?’ आणि फोन ठेवला की माझ्याकडं बघून हसती, मला कळू नये म्हणून.”

म्हेत्र्यांनी टाइप करणाऱ्या मुलीकडे उगीचच बघितलं, आणि तिनंही हात थांबवले.

“आणि आणखी एक,” वैजयंता म्हणाली. आता सुटलीच होती ती. “हे म्हणतात आत्यांना सेलमला नेऊ. कुठं नेऊ? दुकानाच्या वर एक खोली. त्यात चौघं आम्ही. जिना असा, की मलाच भ्या वाटतं. गावात लोक बोलतात म्हणून ह्यांनी सगळ्यांना सांगून टाकलंय, आईला नेणार म्हणून. मला एका शब्दानं विचारलेलं नाही.”

भानू उठला आणि बाहेर निघून गेला.

“साहेब दीडला जेवायला उठतात,” म्हेत्रे घसा खाकरून म्हणाले. “अडीचला परत बसतात. तोवर काय ते ठरवा. टोकन मी मागं सरकवून घेतो.”

मी भानूच्या मागं गेले. कचेरीच्या कोपऱ्यावर उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं, तिथं तो घुंगरांच्या आवाजात पाठमोरा बसला होता. पुढ्यातल्या ग्लासला हात लावलेला नव्हता. मी समोर बसले.

“म्हणजे तुम्ही दोघीपण माझ्यावर उलटला,” तो म्हणाला.

“भानू, तू वाईट आहेस असं कुणी म्हणतंय का?”

“आईचं नाव ठेवा म्हणजे दुसरं काय? लेकाला लिहून घ्यायचं, की बाबा आईला सांभाळ? असलं लिहून घेतात का कुठं? लोक शेण घालतील तोंडात.”

“अरे, मी नर्स आहे. माझ्याकडं काय वाईटच माणसं येतात होय? चांगली माणसं आजारी पडत नाहीत? आण्णा वाईट होते म्हणून गेले का? उद्या तुला काही झालं, मला काही झालं, तर तिनं औषधपाण्यासाठी कुणाच्या तोंडाकडं बघायचं? तिचं स्वतःचं काही असू दे, एवढंच म्हणते मी. तुझ्यावर विश्वास आहे. नशिबावर नाही.”

त्यानं रसाचा एक घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला.

“तुला एक सांगू आक्का? माझ्या शेजारच्या दुकानातला आपल्यातलाच एक माणूस, गेला तो. त्याच्या गावच्या रानावर सात नावं. त्याची बायको सेलमवरनं हेलपाटे घालून घालून म्हातारी झाली. आमच्या पोरांना मराठी वाचता येत नाही गं. बोलतात, पण कागद पुढं ठेवला तर तमिळ पायजे त्यांना. उद्या मी गेलो, आईचं नाव तसंच राहिलं, तर ही पोरं इथं येऊन कुणाकुणाच्या पाया पडणार? तुझ्या पोरांशी कोर्टात भांडणार? म्हणून म्हटलं, एकदाच सगळं एका नावावर करून टाकू. मी काय आईच्या जिवावर उठलोय?”

हे मला ठाऊकच नव्हतं. इतके दिवस मला वाटत होतं, ह्याला फक्त मालकी पाहिजे. त्याला भीती होती, आणि ती अगदी बरोबर होती. मला माझीच लाज वाटली.

“मग चल,” मी म्हणाले. “दोन्ही होईल असं काही आहे का, ते म्हेत्र्यांनाच विचारू.”

आम्ही परत आलो तेव्हा वैजयंता आईशेजारी बसली होती आणि आई तिच्या हातावर हात ठेवून होती. मी म्हेत्र्यांना सरळ विचारलं: आईचं नाव राहिलं पाहिजे, आणि पुढं मुलांना त्रासही नको. म्हेत्र्यांना एक सेकंदही विचार करावा लागला नाही.

“मृत्युपत्र करा की मग! ताईंचं एकट्यांचं हक्कसोड करू. आजींचं नाव सातबाऱ्याला आणि घराच्या उताऱ्याला भानुदासरावांच्या जोडीनं राहील. आणि आजी मृत्युपत्र करतील, रजिस्टर करून, की पश्चात माझा हिस्सा मुलाला. हयातीत मालकी त्यांची. विकायला, गहाण टाकायला त्यांची सही लागणार. मन बदललं तर मृत्युपत्रही बदलता येतं. पोरांना कोर्ट नको, काही नको.”

“अहो भाऊसाहेब,” मी डोक्याला हात लावला, “मग हे सकाळी का नाही सांगितलंत?”

“तुम्ही हक्कसोड सांगितलंत, मी हक्कसोड लिहिलं.” त्यांना ह्यात काहीच चुकल्यासारखं वाटलं नाही. पंचवीस आयांनी काही न बोलता सह्या केल्या होत्या, सव्विसाव्या आईनं का बोलावं? त्यांनी नवा कागद ओढला आणि आईकडे वळले. “काय आजी, चालंल ना असं? तुमचं काय म्हणणं?”

आईनं पदराचं टोक सोडलं आणि म्हेत्र्यांकडे बघितलं.

“लिवणार हायस?”

“लिहिणारच की. बोला.”

“मग लिव. मी माझ्या घरातनं हलणार न्हाई. सेलमला न्हाई, मिरजेला न्हाई.”

“आजी, ते...”

“लिव तर खरं. फुडल्या दोन खोल्या भाड्यानं द्यायच्या. अंगणवाडीच्या बाईनं दोन येळा इचारलंय मला. तिचा नवरा एश्टीत हाय, माणसं बरी हायत, रातची जाग ऱ्हाईल. त्या भाड्यात तळातल्या आळीच्या सखूची सून येईल सकाळ-संध्याकाळ. आंघूळ, धुणं आन माझी सुई. तिला सुई मारायला कमळीनं शिकवायचं. पगार द्यायचा तिला, फुकाट न्हाई. फुकाटचं माणूस चार दिवस टिकतं.”

भानूचं तोंड उघडंच राहिलं. मी त्याच्याकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे.

“संडास परड्यातनं आत घ्यायचा,” आई पुढं सांगत होती, “आन भिताडाला धरायला दांडी बसवायची. कमळीच्या दवाखान्यात हाय तसली, स्टीलची. मी बघून आलेय. रान वाट्यानं लावलंय तसंच ऱ्हाऊ द्यायचं. सुनंनं माझ्यापायी पोरांची शाळा मोडून गावात यायचं न्हाई. पण मी आथरुनाला खिळले, तर कुणी कवा यायचं ते आत्ताच ठरवायचं, तवा एकमेकाच्या तोंडाकडं बघत बसायचं न्हाई. दिवाळी ते संक्रात दुकानात काम कमी आसतं, तवा भानू. मे म्हैन्यात सून. बाकी कमळी.”

“आजी,” म्हेत्र्यांनी पेन खाली ठेवलं, “हे सगळं मृत्युपत्रात बसत नाही हो.”

“मग दुसरा कागूद घे. कागदाला तोटा हाय व्हय तुझ्याकडं?”

बाकावरची ती दोन माणसं खो-खो हसायला लागली. म्हेत्रेही हसले आणि खरंच दुसरा कागद घेतला. आमचं तिघांचं कबुलीपत्र, असं वर लिहिलं. आई त्यांचं लिहून होईपर्यंत थांबली. मग आवाज जरा खाली आणून म्हणाली, “आन शेवटाला मला घशात नळी घालायची न्हाई. त्यांना घातली हुती. दहा दिस त्यांना माझ्याशी बोलता आलं न्हाई.”

त्या नळीला आण्णांच्या वेळी मीच होकार दिला होता. डॉक्टरांनी विचारलं, मी हो म्हणाले. आईला विचारावं हे मला सुचलंसुद्धा नव्हतं. ती त्याबद्दल मला कधी एक शब्द बोलली नव्हती, आणि आताही ती माझ्याकडे न बघताच बोलली, मला लागू नये म्हणून. मी भर दुकानात रडायला लागले. वैजयंतानं माझ्या पाठीवर हात ठेवला.

“आये,” भानू म्हणाला, “एवढं सगळं तुझ्या मनात हुतं, तर वरीसभर बोलली का न्हाईस?”

“कुणी इचारलं?” आई म्हणाली.

तिच्या बोलण्यात राग नव्हता. आज भाजीला काय आहे, हे सांगावं तितक्या साधेपणानं ती बोलली. भानू आईला सेलमला नेणार असं सांगत फिरत होता. मी आईच्या नावासाठी भर दुकानात भांडत होते. गावातले लोक तिच्या बाजूनं बोलत होते. रोज शंभर लोकांना ‘काय होतंय, कुठं दुखतंय’ विचारणारी बाई मी, पण आईला ‘तुला काय पाहिजे’ हे विचारलं ते म्हेत्र्यांनी, तेही धंद्याचा भाग म्हणून.

मग जी पळापळ झाली, ती विचारू नका. मृत्युपत्राला डॉक्टरचा दाखला हवा, की म्हातारी शुद्धीवर आहे, तिला सगळं समजतं. मी आईला रिक्षात घालून पलीकडच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, आजी, आज वार कोणता? आई म्हणाली, “मंगळवार. आन मागच्या मंगळवारी आले हुते तवा तुमी पट्टा न बांधताच बीपी लिवला हुता.” डॉक्टरांनी दाखला ताबडतोब दिला. वर पट्टा बांधून बीपीसुद्धा बघितला. इकडे भानूनं आणि वैजयंतानं नवीन मजकूर टाइप करून घेतला. आम्ही परत आलो तेव्हा तो तिला ओळ न ओळ वाचून दाखवत होता, आणि ती मध्येच थांबवून ‘दांडी स्टीलची लिहा’ म्हणत होती. जत्रेत मिळून देवाला गेलो होतो तेव्हासुद्धा मी त्या दोघांना इतकं मोकळं बोलताना पाहिलं नव्हतं.

आई त्यानंतर नऊ वर्षं जगली. कागदावर लिहिलं होतं त्यातलं बहुतेक सगळं झालं. सखूच्या सुनेला मी सुई मारायला शिकवलं. अंगणवाडीच्या बाईंची पोरगी आमच्याच पुढच्या खोलीत लहानाची मोठी झाली. भानू दिवाळीला यायचा तो संक्रांतीपर्यंत राहायचा. काही जमलं नाही, एका मे महिन्यात वैजयंताला येता आलं नाही आणि मला रजेसाठी मेट्रनच्या हातापाया पडावं लागलं. पण आई शेवटपर्यंत त्याच घरात होती, आणि तिच्या घशात कुणी नळी घातली नाही. जायच्या आदल्या दिवशी ती भानूशी तासभर बोलत होती.

त्या मंगळवारी मात्र आमचा नंबर लागेपर्यंत चार वाजत आले. साहेबांसमोर आधी मी बसले. यंत्रावर अंगठा, कॅमेऱ्यासमोर फोटो, आणि मग त्यांनी मान वर न करता नेहमीचा प्रश्न विचारला, राजीखुशीनं हक्क सोडताय ना? मी इतक्या जोरात ‘हो’ म्हणाले की बाहेरच्या बाकावरच्यांनी आत डोकावून पाहिलं. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. मी उठले आणि आईला धरून त्या खुर्चीत बसवलं.

साहेबांनी मृत्युपत्राची पानं उलटली, डॉक्टरांचा दाखला बघितला, साक्षीदारांची नावं वाचली. दिवसभरात तोच प्रश्न शंभरदा विचारून त्यांचा आवाज थकला होता.

“आजी, हे तुम्ही तुमच्या मर्जीनं करताय ना? तुमच्यावर कुणाचा दबाव नाही ना?”

आईनं वळून आमच्याकडे बघितलं. आधी भानूकडे, मग वैजयंताकडे, मग माझ्याकडे. मग ती साहेबांकडे वळली आणि पदर सारखा करत म्हणाली,

“आता न्हाई.”